बाबांची आखूड चावी

शनिवार, सतरा जानेवारी. काम असं होतं की रायफल पूर्ण उघडायची, दोन्ही बॅरल आतून-बाहेरून पुसून तेलाचा हात द्यायचा, वेगवेगळ्या कापडात गुंडाळायच्या आणि सगळं पेटीत भरून ठेवायचं. रविवारी सकाळी ती पेटी क्लबच्या सेक्रेटरींच्या ताब्यात द्यायची होती. रायफल क्लबमध्ये शिकायला येणाऱ्या शाळकरी मुलांकडे जाणार होती. हे बाबांनी ठरवलं होतं आणि मी त्यात काही बोलले नव्हते.

दुपारची जेवणं झाल्यावर मी डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरली. बाबा समोर खुर्चीत बसले, पण टेबलापासून जरा लांब. मी रायफलीचा हवेचा सिलिंडर काढला, खटका मागे ओढून छर्रा ठेवायची जागा उघडी केली आणि आईला हाक मारली. आमच्या घरात रायफलीला चावी-पाना लागण्याआधी आणि पुन्हा मारायला घेण्याआधी दुसऱ्या माणसाने येऊन आत छर्रा नाही ना ते पाहायचं आणि "पाहिलं" म्हणायचं, असा बाबांचा नियम आहे. आईला या सगळ्यात कधी गोडी नव्हती, पण नियम ती पाळते.

"पाहिलं," आई म्हणाली. "शेवटचंच ना हे? सुटले."

ती स्वयंपाकघरात परत गेली.

ज्यांना या गोष्टी माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही हवेच्या दाबावर चालणारी रायफल. दहा मीटरवरच्या कागदाला शिशाचे छोटे छर्रे मारायचे, एवढाच तिचा उपयोग. बाबा खडकीच्या कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे अवजारं आणि साचे घडवायच्या विभागात होते. तिथल्या काही लोकांनी मिळून नेमबाजी सुरू केली होती, त्यात ते ओढले गेले आणि निवृत्तीनंतरही त्यांचा रविवार सुटला नाही. विहारातल्या एका बाईंनी एकदा त्यांना विचारलं होतं, "पंचशील म्हणता आणि बंदूक चालवता?" बाबा म्हणाले होते, "कागदाला मारतो बाई. कागदाला आधी विचारलंय."

या रायफलीचं वैशिष्ट्य म्हणजे तिची बॅरल बदलता येते. बॉडी एकच, दस्ता एकच, बॅरल दोन. लांब आणि जड बॅरल बाबांची. आखूड, हलकी माझी. चाळिशीत माझा खांदा आखडला होता. तो सुटल्यावर डॉक्टरांनी हात हलता ठेवा असं सांगितलं, तेव्हा बाबा मला क्लबवर घेऊन गेले. मी तिथे खांद्यासाठी गेले आणि नेमासाठी राहिले.

बॅरल बसवायची पद्धत साधी आहे. बॉडीच्या पुढच्या टोकाला एक पोलादी घर आहे, त्यात बॅरल सरकवायची. एका खाचेमुळे ती एकाच बाजूने आत जाते. घराला खालून उभी चीर आहे आणि चिरेत दोन स्क्रू आहेत. ते आवळले की चीर थोडी मिटते आणि घर बॅरलला घट्ट धरतं. मागचा स्क्रू आधी, पुढचा नंतर. रायफलीची मागची साईट, म्हणजे नेम धरायची खूण, बॉडीवर असते आणि पुढची बॅरलच्या टोकावर. म्हणजे बॅरल केसभर जरी हलली तरी दोन साईट एकमेकींना खोटं सांगायला लागतात, आणि दहा मीटरवर त्या केसाची सुतळी होते.

स्क्रू आवळायला षटकोनी टोकाची, काटकोनात वाकवलेली चावी लागते. कंपनीकडून आलेली चावी चांगली हातभर नसली तरी वीतभर होती. बाबांनी पहिल्याच आठवड्यात ती करवतीने कापली आणि टोक कानशीने घासून गुळगुळीत केलं. आता ती करंगळीएवढी आहे. मी कारण विचारलं होतं.

"लांब दांडीने कुणालाही जोर येतो," ते म्हणाले होते. "मग तो स्क्रूचे आटे खाऊनच थांबतो. ही अंगठा आणि एका बोटात धरायची. फिरेनाशी झाली की सोडायची. त्यापुढे जायला जागाच ठेवली नाही मी."

दुसरा नियम असा की ज्याची बॅरल त्यानेच बसवायची. कारखान्यात ज्याने जोडणी केली तोच जबाबदार असायचा, तोच कायदा त्यांनी घरी आणला. इतक्या वर्षांत मी त्यांची बॅरल कधी आवळली नाही आणि त्यांनी माझी नाही. चावी मात्र एकच, आणि ती कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात.

तर मी चावीसाठी हात पुढे केला. बाबांनी ती खिशातून काढून टेबलावर ठेवली. रायफलीवर त्यांचीच बॅरल चढलेली होती. ती आज मी सोडवणार होते, कारण ते म्हणाले होते, "मला आता त्याला हात लावायचा नाही."

मी पुढच्या स्क्रूत चावी घातली आणि उलटी फिरवली. ती फिरली. म्हणजे फिरवावीच लागली नाही, बरणीचं सैल झाकण फिरावं तशी फिरली. मागचा स्क्रू तसाच.

"तुम्ही आधीच सैल करून ठेवले का?" मी विचारलं.

"कशाला करू? दिवाळीनंतरच्या रविवारी बसवली तशी आहे. मी हात लावलेला नाही."

मी चावी खाली ठेवली.

तो दिवाळीनंतरचा रविवार सांगायला हवा. त्याच्या आधी गणपतीपासूनच बाबांचा नेम फुटायला लागला होता. एरवी त्यांचे छर्रे कागदावर एकाच भोकाशेजारी दाटीने बसायचे. ते आता इकडे तिकडे जायला लागले. एक मधे, पुढचा खाली, त्याच्या पुढचा उजवीकडे. आधी त्यांनी छर्ऱ्यांचा डबा बदलला. मग बसायची जागा बदलली. मग माझ्याकडे रायफल देऊन म्हणाले, "तू मारून बघ." मी माझी बॅरल चढवली आणि मारलं. सगळे छर्रे जिथे जायचे तिथे गेले. म्हणजे रायफल ठीक. मग उरलं काय? माणूस.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मी त्यांना सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांकडे पुन्हा घेऊन गेले. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, "काका, डोळा उत्तम आहे. माझ्यापेक्षा चांगला."

"मग तुम्ही तुमचा दाखवून घ्या," बाबा म्हणाले.

डॉक्टरांवर त्यांचा विश्वास बसला नाही. भिंतीवरची अक्षरं वाचणं वेगळं आणि नेम धरणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. दिवाळीनंतरच्या त्या रविवारी शेवटचा कागद हातात घेऊन ते बराच वेळ उभे राहिले. मग नेमबाजीचं जाड जाकीट काढलं, नीट घडी घातली आणि मला म्हणाले, "डोळे गेले. चल." त्यानंतर कंपनीत माझं ऑडिट सुरू झालं आणि मीही क्लबच्या रेंजवर गेले नाही. रायफल त्यांच्या बॅरलसकट पेटीत पडून राहिली.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी लक्ष दिलं नसतं. माणूस म्हातारा होतो, छंद सुटतात. पण डोळे गेले म्हटल्यावर बाबा खरंच आंधळ्यासारखे वागायला लागले. स्कूटर दिली. संध्याकाळी येरवड्याच्या बाजूला एकटे फिरायला जायचे ते बंद झालं. विजेचं बिल आईकडून वाचून घ्यायला लागले. कानशी आणि मापं घ्यायचं व्हर्निअर शेजारच्या पॉलिटेक्निकमधल्या मास्तरांना देऊन टाकलं. रविवारी गॅलरीत बसायचे आणि समोरच्या इमारतीकडे बघायचे, जी त्यांना स्पष्ट दिसत होती.

आता त्या दोन सैल स्क्रूंकडे बघताना मला सगळं एका रांगेत दिसलं. मी गिअरबॉक्स बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते. सैल जोडणीमुळे काय काय होतं हे बघण्यातच माझी इतकी वर्षं गेली. तरी हे मला सुचलं नाही, कारण बाबांनी आवळलेला स्क्रू तपासायचा हे आमच्या घरात कुणाला सुचणारच नव्हतं.

मी कपाटातून माझा टॉर्क ड्रायव्हर आणला. ठरवलेल्या जोरापर्यंत स्क्रू आवळला गेला की तो 'टक' असा आवाज करतो. त्यावर रायफलीच्या माहितीपत्रकातला आकडा लावला.

"हे खेळणं कशाला?" बाबा म्हणाले. आवाज करणारी हत्यारं शिकाऊ लोकांसाठी असतात, असं त्यांचं मत होतं.

"बाबा, एकदा बॅरल बसवून दाखवा. नेहमीसारखी."

"उद्या द्यायची आहे ती."

"द्यायची आहेच. आधी बसवा."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. बॅरल काढून पुन्हा घरात सरकवली. ती खाचेत बसल्याचा हलका आवाज आला तेव्हा त्यांचा चेहरा क्षणभर पूर्वीसारखा झाला. मागचा स्क्रू, मग पुढचा. अंगठा आणि एक बोट. फिरेनाशी झाली तशी त्यांनी चावी सोडली आणि माझ्याकडे बघितलं.

मी ड्रायव्हर लावला. मागचा स्क्रू जवळजवळ पाव फेरा आणखी आत गेला आणि मग टक झालं. पुढचा त्याहून जास्त.

"खेळण्याचा आकडा चुकलाय," ते म्हणाले.

मी माझी आखूड बॅरल चढवली, त्यांच्याच चावीने, अंगठा आणि एका बोटाने, त्यांनी शिकवलं तसं. मग ड्रायव्हर लावला. तो जागेवरून हललाच नाही. लगेच टक.

बाबा टूलरूमचे माणूस. त्यांना याहून जास्त समजावायची गरज नव्हती. चावी त्यांनी स्वतःच्या बोटांच्या जोराला मापून कापली होती. चावी तेवढीच राहिली. बोटं राहिली नाहीत. आणि फिरेनाशी झाली की थांबायचं, हे ते अजूनही बिनचूक करत होते.

"डोळे ठीक आहेत तुमचे," मी म्हणाले. "डॉक्टर खरं बोलत होते. बॅरल सैल होती."

त्यांनी पुन्हा त्यांची बॅरल मागितली. मी चढवून दिली. त्यांनी आवळली. मी ड्रायव्हर त्यांच्या हातात दिला, आणि या वेळी त्यांनी स्वतःच तो फिरवला. दोन्ही हातांनी फिरवावा लागला. टक झालं तेव्हा त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला. रंध्याच्या पात्यासारखा, कुठे बोथट झालाय ते शोधत असल्यासारखा.

"डोळे सगळ्यांचेच जातात," ते म्हणाले. "त्यात माझं काही नव्हतं."

मला कळलं ते काय म्हणतायत. डोळे त्यांना मिळालेले होते, हात त्यांनी कमावलेले होते. चाळीस वर्षं कारखान्यात लोक नवा तुकडा बाबांच्या अंगठ्याखाली सरकवून विचारायचे, ठीक आहे का. गेले तीन महिने त्यांनी डोळे गेले हे पचवलं होतं. मी त्यांना डोळे परत दिले आणि त्यांचा दुसरा ऐवज काढून घेतला. सांगायला नको होतं का, असा प्रश्न मला नंतर कुणीतरी विचारला. मला तो प्रश्न कळत नाही. माणूस चालू डोळे मिटून गॅलरीत बसला होता.

आई दारात येऊन उभी होती. किती वेळापासून ते माहीत नाही.

"अहो," ती म्हणाली, "लोणच्याच्या बरणीचं झाकण गणपतीपासून तुम्ही माझ्याकडे सरकवताय. मी बोलले का काही?"

"ते झाकण खराब आहे."

"घरातली सगळीच झाकणं एकदम खराब झाली, नाही का."

बाबांना हसू आलं नाही, आईलाही नाही. ती पुढे आली, त्यांच्या पुढ्यातली चावी उचलून त्यांच्या खिशात ठेवली आणि चहा टाकायला गेली.

चहा पिताना मी विषय संपवायचा प्रयत्न केला. "उद्या रायफल द्यायची नाही. रेंजवर जाऊ. तुमची बॅरल मी आवळून देते, तुम्ही मारा."

"नाही."

"का नाही?"

"ज्याची बॅरल त्याने बसवायची."

"तो नियम तुम्हीच केलाय."

"म्हणूनच मोडायचा नाही. दुसऱ्याने जुळवून दिलेल्या मशिनवर बसून मी हुशारी दाखवू? तसले साहेब मी फार बघितले."

"मग लांब चावी आणते नवी. तिने जोर येईल."

"लांब चावीने कुणालाही जोर येतो," ते म्हणाले, आणि उठून गॅलरीत गेले.

मी त्यांच्यामागे गेले नाही. त्यांना एकटं सोडलं की ते विचार करतात, मागे लागलं की वाद घालतात. मी दोन्ही बॅरल पुसल्या, तेल लावलं. माझी कापडात गुंडाळली. त्यांची घरात सरकवली, पण स्क्रू अजिबात आवळले नाहीत, नुसते जागेवर टेकवून ठेवले. सिलिंडर वेगळा पेटीत घातला. मग सेक्रेटरींना फोन लावला. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, तोंडाने कडक.

"सर, उद्या रायफल देत नाही."

"मॅडम, मी मुलांना सांगून बसलोय."

"मग मुलांना माझं नाव सांगा."

"तब्येत बरी आहे ना बाबांची?"

"तब्येतीला काही झालेलं नाही."

"येणार आहेत का ते?"

ते मला माहीत नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, भिंतीकडची शेवटची जागा रिकामी ठेवतो. ती बाबांची नेहमीची जागा. फोन ठेवताना म्हणाले, "नाही आले तरी चालेल. ठेवतो."

रात्री जेवताना विजेचं बिल टेबलावर पडलं होतं, ते उचलून बाबांनी स्वतः वाचलं आणि आईला म्हणाले, "तू मागच्या महिन्यात तारीख चुकीची सांगितलीस."

"तुम्हाला दिसत नव्हतं ना, म्हणून म्हटलं काहीही सांगावं," आई म्हणाली.

रविवारी सकाळी मी पेटी गाडीत ठेवली आणि खाली थांबले. वर जाऊन विचारलं नाही. थोड्या वेळाने बाबा जिन्याने उतरले. नेमबाजीचं जाकीट घेतलं नव्हतं. गाडीत बसताना म्हणाले, "मुलांना देताना कोण घेतंय ते बघायला येतोय." मी बरं म्हणाले. रायफल द्यायची नाही हे त्यांना फोनवरच्या माझ्या बोलण्यावरून चांगलं कळलेलं होतं, आणि कळलंय हे मलाही माहीत होतं.

रेंजवर मी शेवटच्या जागी टेबलावर पेटी उघडली. बाबा मागच्या बाकावर बसले. मुलं मारत होती, टिचक्या दिल्यासारखे आवाज येत होते. सेक्रेटरी त्यांच्याजवळून गेले, नुसती मान हलवली आणि पुढे गेले. मी रायफल बाहेर काढली आणि खटका मागे घेऊन उघडी ठेवली. बाबांच्या बॅरलचे स्क्रू सैल होते. मी माझा ड्रायव्हर तिच्या शेजारी ठेवला आणि बाजूला होऊन उभी राहिले. एक अख्खी फेरी झाली, मुलांनी कागद बदलले. दुसरी सुरू झाली.

तेव्हा ते उठले. टेबलाशी आले, आधी बॅरलला अंगठा लावून ती पुरती आत बसलीय का ते बघितलं, मग खिशातून आखूड चावी काढली. मागचा स्क्रू, मग पुढचा. फिरेनाशी झाली तशी सोडली. चावी खिशात परत ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसवली मी. तपासणी खात्याने आपलं काम करावं."

मी ड्रायव्हर उचलला. मागचा स्क्रू पाव फेरा, टक. पुढचा थोडा जास्त, टक. ते मान कलती करून दोन्ही आवाज ऐकत होते. मग त्यांनी रायफल माझ्यापुढे उघडी धरली. मी वाकून आत बघितलं, "पाहिलं" म्हणाले, आणि गाडीच्या डिकीतून त्यांचं जाकीट आणायला गेले. ते मी आदल्या संध्याकाळीच तिथे ठेवलं होतं.